ॲन्सिलरी : भोसरीच्या तोंडी बसलेला एक लॅटिन शब्द

कंपनीच्या बसमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत ट्रॅफिक लागणारच आहे, तेवढ्यात हा भाग आरामात ऐकून होईल.

आजचा शब्द आहे 'ॲन्सिलरी'. इंग्रजीतलं विशेषण. इंग्लंडातला माणूससुद्धा रोजच्या बोलण्यात हा शब्द फारसा वापरत नाही. पण आपल्या भोसरी एमआयडीसीत चहाच्या टपरीवर दहा मिनिटं उभं राहा, कानावर येतोच. "दादा काय करतात तुझे?" "त्यांची ॲन्सिलरी आहे ना, तळवड्याला." बघा, इंग्रजीतल्या विशेषणाचं आपण सरळ नाम करून टाकलंय. शेड म्हणजेच ॲन्सिलरी. कोणी 'अँसलरी' म्हणतं, कोणी 'अन्सिलरी'. चालतंय.

आता हा शब्द आला कुठून? लॅटिनमध्ये 'ॲन्सिला' म्हणजे दासी. पगारी मोलकरीण समजू नका हं. रोमन घरात पाणी भरणारी, मालकिणीचे केस विंचरणारी, विकत घेतलेली गुलाम बाई. 'ॲन्सिलारिस' म्हणजे दासीचं, दासीसंबंधीचं. बायबलच्या लॅटिन भाषांतरात मेरी स्वतःला देवाची ॲन्सिला म्हणवते, तिथे त्यात नम्रता आहे. पुढे मध्ययुगातल्या युरोपी पंडितांनी तत्त्वज्ञानाला धर्मशास्त्राची ॲन्सिला ठरवलं. म्हणजे तू विचार कर, पण मालकिणीच्या मागे उभी राहून. इंग्रजीत हे विशेषण सतराव्या शतकात आलं आणि हळूहळू त्यातली बाई पुसली गेली. उरलं ते 'दुय्यम, मदतीचं, मुख्य गोष्टीच्या आधारानं असणारं'. ब्रिटनमध्ये हॉस्पिटलातले सफाई कामगार, वॉर्डबॉय हे ॲन्सिलरी स्टाफ. विमान कंपन्या खिडकीची सीट आणि जादा बॅग यांचे वेगळे पैसे घेतात ना, ती त्यांची ॲन्सिलरी कमाई.

थोडं आणखी खाली खणू. भाषाशास्त्रज्ञ 'ॲन्सिला'च्या मुळाशी 'भोवती फिरणारा' असा अर्थ दाखवतात. भोवती हिंडून सेवा करणारा. आता आपला 'परिचारिका' शब्द घ्या. परि म्हणजे भोवती, चर् म्हणजे फिरणं. तीच घडण! हे फिरण्याचं जे प्राचीन मूळ आहे, त्यातूनच संस्कृत 'चक्र' आणि त्यावरून आपलं 'चाक' आलं, आणि इंग्रजीतलं 'व्हील'सुद्धा. गाड्या बनवणाऱ्या पट्ट्यात हा योगायोग मला भारी वाटतो. ('चाकर' याच घरातला वाटतो, पण तो फारसीतून आलाय. आणि चाकणचा यात काही संबंध जोडू नका, मी जोडलेला नाही.)

हा शब्द आपल्याकडे पक्का बसला तो मोठ्या कंपन्यांमुळे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि आकुर्डीत बजाज. एका ट्रकला हजारो सुटे भाग लागतात. ते सगळे एका छताखाली बनवणं परवडत नाही. मग आजूबाजूला शेड उभ्या राहिल्या. कोणी टूलरूममधली नोकरी सोडून एक लेथ टाकला, कोणी प्रेस टाकला. पुढे चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या आणि म्हाळुंगे, निघोजे, कुरुळीपर्यंत हेच घडलं.

सरकारनं या शब्दाला व्याख्याही दिली होती. सुटे भाग, टूलिंग किंवा सेवा पुरवणारा आणि आपल्या उत्पादनातला निदान ५० टक्के माल दुसऱ्या उद्योगांना देणारा, तो ॲन्सिलरी उद्योग. शिवाय मशिनरीतल्या गुंतवणुकीची मर्यादा. व्याख्येत निम्मा माल, पण आपल्याकडे कित्येक शेडमधला सगळाच माल एका गेटवर जातो. खरी मेख इथंच आहे.

मी तीन वर्षं एका व्हेंडरकडे डिस्पॅचला होतो. एका रात्री अकराला कस्टमरकडून फोन, ब्रॅकेट संपत आलेत, लाईन थांबेल. टेम्पो मिळेना. शेवटी शेठनं स्वतःच्या कारच्या डिकीत दोन बिन टाकले आणि आम्ही दोघं निघालो. एका ब्रॅकेटची किंमत वडापावपेक्षा कमी. पण तो नाही तर गाडी पुढे सरकत नाही. आता सांगा, दुय्यम कोण? त्याच ब्रॅकेटचं बिल मात्र चौथ्या महिन्यात निघालं, त्यातही रिजेक्शनची डेबिट नोट लावून. शेठनं फोन केला तो अकाउंट्समधल्या पोराला, तोसुद्धा "साहेब, जरा बघता का" अशा आवाजात. वयानं तो पोरगा माझ्याएवढा असेल. लाईन थांबली की शेठ राजा, पैसे मागताना ॲन्सिला.

हे दुखणं जुनं आहे, इतकं की १९९३ साली संसदेनं त्यावर कायदा केला. लघु आणि ॲन्सिलरी उद्योगांच्या थकलेल्या पैशांवर व्याज द्यायचा कायदा. हा शब्द थेट कायद्याच्या नावातच होता! १९९८ च्या दुरुस्तीनं कमाल मुदत १२० दिवस ठरली. पुढे २००६ चा एमएसएमई कायदा आला, त्यानं आधीचा रद्द केला आणि नावातून ॲन्सिलरी गेलं. त्याजागी सूक्ष्म, लघु, मध्यम. म्हणजे तुम्ही कोणाचे कोण हे विचारायचं सोडून तुम्ही केवढे एवढंच विचारायला लागले. मला हा बदल चांगला वाटतो.

या कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज. (हे चक्रही त्याच घरातलं!) २०१७ साली 'समाधान' पोर्टलवर ऑनलाईन तक्रारीची सोय झाली. आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकराचाही धाक आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा धरता येत नाही.

मग सगळे तक्रार का करत नाहीत? मी शेठला विचारलं होतं. ते म्हणाले, "अरे, व्याज एकदा मिळेल. शेड्यूल दर महिन्याला लागतं."

मराठीत या शब्दाला तीन-चार पर्याय आहेत. सरकारी कागदावर 'आनुषंगिक', म्हणजे सोबत चिकटून आलेला. 'सहायक' जरा बरा, पण हाताखालचाच. शेतकऱ्याचा 'जोडधंदा' तर घरचा शब्द, फक्त तो बाजूला चालतो. मला आवडतो तो 'पूरक'. प्राणायामात पूरक म्हणजे आत घेतलेला श्वास. आणि एरवी, ज्याच्यावाचून समोरचं अपुरं राहतं तो. त्या रात्री आमच्या डिकीत जे होतं त्याला मी हाच शब्द लावेन.

आता एक काम करा. तुमच्या कंपनीत तुम्हाला काय म्हणतात, व्हेंडर, सप्लायर, पार्टनर, टियर टू, की आणखी काही, ते व्हॉइस नोटवर पाठवा. 'पार्टनर' म्हणत असतील तर पेमेंट किती दिवसांत येतं, तेही सांगा. कंपनीचं नाव नको, दिवस तेवढे सांगा. पुढच्या भागात ते वाचून दाखवतो.