रिकाम्या हाती परतणाऱ्या वाचकाची नोंद



महाविद्यालयीन ग्रंथालयसेवेचे मूल्यमापन आणि गुणवत्तावर्धन या विषयावर विचारविनिमय करण्यासाठी आपण सारे ग्रंथपाल, प्राचार्य आणि विद्यार्थी प्रवासाची दगदग सोसून या परिषदेला करवीरनगरीत, म्हणजे कोल्हापुरात, आलात, याबद्दल स्वागतसमितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. ज्या नगरीत १८५० साली स्थापन झालेले ग्रंथालय करवीर नगर वाचन मंदिर या नावाने आजही नांदत आहे, जेथे राजर्षी शाहू महाराजांनी वसतिगृहांना आश्रय देऊन खेड्यापाड्यांतल्या मुलांची शिक्षणाची वाट मोकळी केली, आणि जेथील संस्थानाने महाराष्ट्राचा १९६७ सालचा कायदा होण्याच्या बावीस वर्षे आधीच सार्वजनिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा मंजूर केला, त्या नगरीत या विषयाची चर्चा व्हावी हे सर्वथा उचित आहे.

मूल्यमापनाचा विचार आपल्याला नवा नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची आपली पंचसूत्री ग्रंथरूपाने मांडली, तेव्हाच ग्रंथ हे उपयोगासाठी असतात आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, ही कसोटी त्यांनी आपल्या हाती दिली होती. १९९४ साली महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था अस्तित्वात आल्यापासून ग्रंथसंख्या, नियतकालिके, खर्च, संगणकीकरण यांचा तपशील मूल्यांकनाला सामोरी जाणारी महाविद्यालये सादर करू लागली. आणि या शिरस्त्यामुळे कित्येक दुर्लक्षित ग्रंथालयांकडे व्यवस्थापनाची नजर वळली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु दाखल नोंदवहीतील अखेरचा क्रमांक संग्रहाचा आकार सांगतो, सेवेचा दर्जा सांगत नाही. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने २००० सालापासून प्रचारात आणलेली लिबक्वल ही प्रश्नावली वाचकाला किमान किती सेवा चालेल, कोणती सेवा हवीशी वाटते आणि प्रत्यक्षात कोणती मिळते, अशा तीन अंगांनी विचारणा करते. तिचे इतर तपशील आपल्याला लागू पडोत वा न पडोत, वाचकाच्या बाजूने मोजण्याची तिची दृष्टी मात्र अवश्य स्वीकारावी.

भुदरगड किंवा शाहूवाडी तालुक्यातील एखाद्या वाडीवरून सकाळच्या एसटीने निघालेली विद्यार्थिनी दोन तासिकांच्या मधल्या वेळात देवघेव खिडकीपाशी येते, मागणीपत्र भरून देते, आणि थोड्या वेळाने तेच मागणीपत्र ‘नाही’ एवढ्या एकाच शब्दानिशी तिच्या हाती परत येते. हे पुस्तक कधी खरेदीच झाले नाही, की त्याच्या सर्व प्रती वाचकांकडे गेल्या आहेत, की ते दाखल होऊनही वर्गीकरणाविना टेबलावर पडून आहे, की भलत्याच फळीवर ठेवले गेल्यामुळे असूनही सापडत नाही, हे तिला कळत नाही. आणि ती चिठ्ठी केराच्या टोपलीत गेल्यामुळे आपल्या दप्तरालाही कळत नाही. चारही प्रसंगी वाचकाच्या पदरी येणारी निराशा एकच, पण उपाय मात्र चार: पहिल्यासाठी खरेदीची तरतूद, दुसऱ्यासाठी जादा प्रती आणि आरक्षणाची सोय, तिसऱ्यासाठी तांत्रिक कामाची निकड, चौथ्यासाठी नियमित फळीवाचन, म्हणजे फळ्यांवरील पुस्तकांचा क्रम तपासणे. कारणांची नोंद नसेल, तर मिळालेले अनुदानही अस्थानी खर्च होते.

संगणकाच्या पडद्यावरील सेवेलाही हीच कसोटी लागू आहे. ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या संस्थेच्या एन-लिस्ट योजनेतून २०१० पासून महाविद्यालयांना सहस्रावधी नियतकालिके आणि लक्षावधी ई-ग्रंथ उपलब्ध झाले. परंतु विद्यार्थ्याला आपले वापरनाव मिळालेच नसेल, किंवा मिळूनही शोध कसा घ्यावा हे कोणी शेजारी बसून दाखवले नसेल, तर ती संपदा त्याच्यापुरती असून नसल्यासारखीच होय. आणि शेजारी बसायला माणूस हवा. ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिक्त ठेवून, एखाद्या कारकुनाकडे किल्ल्या सोपवून ग्रंथालयाच्या गुणवत्तेची अपेक्षा करणे हा विद्यार्थ्यांवरचा अन्याय आहे, हे प्राचार्यांच्या आणि संस्थाचालकांच्या साक्षीने मी स्पष्टपणे सांगू इच्छितो.

आपल्या मुक्कामाची आणि भोजनाची तजवीज स्वागतसमितीच्या कार्यकर्त्यांनी आस्थेने केली आहे. कोठे काही न्यून आढळल्यास आपण ते उदार मनाने पदरात घ्यावे. मात्र परिषदेकडे माझे एक आग्रहाचे मागणे आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दर सत्रात निदान एक महिना, पुरी न झालेली प्रत्येक मागणी कारणासह नोंदवावी, तिचा गोषवारा ग्रंथालय समितीपुढे ठेवावा आणि केलेली उपाययोजना सूचनाफलकावर विद्यार्थ्यांना कळवावी, असा ठराव आपण येथून उठण्यापूर्वी संमत करावा. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. एक नोंदवही आणि ती प्रामाणिकपणे भरण्याचा निश्चय एवढे पुरेसे आहे. तो निश्चय आपण सर्वांनी करावा, अशी माझी विनंती आहे.