चौऱ्याण्णववर अडलेली गाडी



टेलिफोनच्या खात्यात मी बत्तीस वर्षं काढली. त्यातली सुरुवातीची बरीच केबल जोडण्यात गेली, रस्त्याकडेच्या खड्ड्यात बसून, डोक्यावर ताडपत्री धरून. तेव्हा एक गोष्ट अंगात मुरली. पूर्ण मेलेली लाइन दुरुस्त करणं सोपं असतं. छळते ती अर्धवट जिवंत लाइन. सकाळी खरखरते, दुपारी ऊन पडलं की गप्प होते, आणि आपला माणूस तपासायला पोचेपर्यंत ठणठणीत झालेली असते.

मागच्या महिन्यात डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला. "मामा, नेटचा दोनशे मेगाबिटचा प्लॅन घेतलाय, पण आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर वेग चौऱ्याण्णवच्या वर जातच नाही. कंपनीच्या माणसाने राउटर बदलला, तरी चौऱ्याण्णवच."

मी विचारलं, "कधी साठ, कधी एकशेवीस असं होतं का रे?"

"नाही ना! कधीही बघा, चौऱ्याण्णव."

म्हटलं, राउटरला हात लावू नकोस. रविवारी येतो.

हा आकडा ओळखीचा आहे. घरातल्या नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग हवा असेल तर दोनच जोड्या पुरतात. १००० चा हवा असेल तर चारही लागतात. आता निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली, तर बहुतेक उपकरणं आपसांत तडजोड करतात आणि गुपचूप १०० वर उतरतात. दिवा लागलेला, नेट चालू, तक्रारीला जागा नाही. शंभरच्या वाटेवर माहितीच्या प्रत्येक पुडक्याला पत्ता-शिक्का लावावा लागतो, त्यात पाचेक खर्च होतात. हाती उरतात चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. म्हणजे केबलनेच आपला आजार आकड्यात सांगितला होता, ऐकणारं कोणी नव्हतं.

रविवारी गेलो. चहा व्हायच्या आत पहिलं काम केलं. लॅपटॉप उचलून थेट राउटरपाशी नेला आणि दुकानातून तयार आणलेल्या हातभर केबलने जोडला. वायफाय बंद करून. हे विसरू नका, नाहीतर मोजता एक आणि समजता दुसरंच. एकशेशहाण्णव आले. म्हणजे कंपनीची लाइन चोख, राउटर चोख. दुखणं भिंतीत.

मग टेस्टर काढला. त्याचे दोन तुकडे असतात, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला. एक ते आठ दिवे क्रमाने लागत जातात. एक, दोन, तीन लागले. चौथा लागलाच नाही. पाचव्यापासून पुन्हा सुरळीत. चौथी म्हणजे निळी तार.

आतल्या खोलीतली सॉकेटची प्लेट उघडली. बाहेरचं करडं आवरण सोलताना कारागिराचं पातं जरा खोल गेलं होतं. निळ्या तारेला नखाने ओरखडा काढावा एवढीच खूण होती. प्लेट बसवताना तार तिथेच वाकली आणि आतल्या आत तुटली. वरचं प्लास्टिक मात्र शाबूत. मी दोन इंच केबल कापून टाकली आणि नव्याने सोलून आठही तारा बसवल्या. भिंतीत थोडी जादा केबल सोडलेली होती म्हणून हे जमलं. त्याबद्दल त्या कारागिराचे निम्मे गुन्हे माझ्याकडून माफ.

याहून लबाड दोष मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाहिला. तिथे टेस्टरचे आठही दिवे हिरवे, आणि नेट मात्र दर दहा मिनिटांनी मान टाकणार. प्लग निरखून पाहिला. कोणीतरी व्यवस्थित माणसाने रंग शिस्तीत लावले होते: केशरीशेजारी केशरी, हिरव्याशेजारी हिरवी, मग निळी, मग तपकिरी. दिसायला देखणं, पण चूक. तिसरी आणि सहावी तार एकाच जोडीची हवी असते, आणि चौथी-पाचवी दुसऱ्या जोडीची. हा तिरपागडा क्रम आला आमच्या टेलिफोनकडून. फोनची लाइन प्लगच्या मधल्या दोन पिनांवर असायची, म्हणून ती जोडी मधे ठेवली आणि दुसरी जोडी तिच्या दोन्ही बाजूंना बसवली. सरळ रांग लावली की तारा शेवटापर्यंत पोचतात, टेस्टर खूश होतो. पण जी तार जिच्याशी पिळलेली आहे तिच्याबरोबर ती काम करत नाही. त्या पिळानेच बाहेरचा गोंगाट कापला जातो. ग्रॅहम बेलने १८८१ साली पिळलेल्या तारांचं पेटंट घेतलं ते याचसाठी, आणि आज १००० मेगाबिट चालतं तेही त्याच पिळावर. म्हणून टोकाशी पीळ सोडायचा तोही अर्ध्या इंचाच्या आत. सुबक दिसावं म्हणून दोन-दोन इंच उलगडणारे लोक मला फार भेटतात.

केबल विकत घेताना एक करा. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट चमक दिसली तर ते ॲल्युमिनियम, वर फक्त तांब्याचा मुलामा. कॅट-सिक्स केबलच्या मानकात तांबंच लागतं, खोक्यावर काहीही छापलेलं असो. ॲल्युमिनियम दोन-चार वेळा वाकवलं की मोडतं, आणि एकदा भिंत लिंपून रंग झाला की ते मोडलेलं कोण शोधणार? घराचं काम चालू असेल तर विजेच्या तारांच्या पाइपात ही केबल घालू देऊ नका. तिला वेगळा पाइप द्या आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवायला सांगा. इलेक्ट्रिशियन म्हणेल, "काय गरज आहे काका?" म्हणू दे.

भाच्याकडे प्लेट परत बसवण्याआधी मी तिच्या मागच्या बाजूला आठ रंगांचा क्रम लिहून ठेवला. पेन्सिलीने, म्हणजे भिंतीच्या ओलीने शाईसारखं पुसलं जायला नको. तोवर त्याने स्पीड टेस्ट लावली होती, आणि चहा थंड झाला होता.