अकरा महिन्यांची ठेव



सत्ता मिळविणाऱ्यांच्या कथांनीं इतिहासाचीं पानें भरलेलीं आहेत. पण हातीं आलेली सत्ता परक्याच्या ठेवीप्रमाणें सांभाळून ज्याची त्याला परत करणाऱ्यांची कथा क्वचितच सांगण्यांत येते. आज मी आपणांस अशाच एका स्त्रीची हकीकत सांगणार आहे. त्यांचें नांव एर्ता पास्काल-त्रुयो. कॅरिबियन समुद्रांतील हैती देशाच्या त्या मार्च १९९० पासून फेब्रुवारी १९९१ पर्यंत हंगामी अध्यक्षा होत्या, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्याच स्त्री.

हैती हें गुलामांनीं बंड करून १८०४ सालीं स्वतंत्र केलेलें राष्ट्र. परंतु परक्यांचें जोखड गेलें तरी घरच्या हुकूमशहांचें जाईना. १९५७ पासून द्युव्हालिए पितापुत्रांनीं एकूणतीस वर्षें खाजगी सशस्त्र टोळ्यांच्या जोरावर देश दाबून ठेवला. ७ फेब्रुवारी १९८६ रोजीं पुत्र पळून गेला. लोकांनीं नवी राज्यघटना मान्य केली. पण २९ नोव्हेंबर १९८७ रोजीं मतदानास आलेल्या माणसांवरच गोळ्या झाडण्यांत आल्या व निवडणूक त्याच दिवशीं रद्द झाली. पुढें सेनापतींचें राज्य आलें. मार्च १९९० मध्यें जनक्षोभापुढें जनरल आव्रील यांना पायउतार व्हावें लागलें.

आतां गादीवर कोणास बसवावयाचें? घटनेचें उत्तर असें होतें कीं, अध्यक्षपद रिकामें पडल्यास तें सर्वोच्च न्यायालयांतील न्यायाधीशाकडे जावें, आणि त्या हंगामी अध्यक्षानें पुढील निवडणुकीस उभें राहूं नये. श्रीमती पास्काल-त्रुयो या त्या न्यायालयांतील पहिल्या स्त्री-न्यायाधीश. १९४३ सालीं जन्मलेल्या. वडील लोखंडकाम करीत, ते लवकर वारले. आई शिवणकाम करी. दहा भावंडांतील ही नववी मुलगी १९७१ सालीं कायद्याची पदवीधर झाली व आपल्या देशांतील स्त्रीच्या कायदेशीर स्थितीचा तिनें अभ्यास केला. १३ मार्च रोजीं त्यांनीं अध्यक्षपदाची शपथ घेतली.

पद मोठें, पण हात बांधलेले. सैन्य म्हणावें तर तें स्वतःच्या मर्जीनें चाले. शिवाय एकोणीस सभासदांच्या राज्यमंडळाबरोबर अधिकार वांटून घ्यावयाचे होते, आणि त्या मंडळाशीं त्यांचे वारंवार खटके उडत. द्युव्हालिएच्या वेळचे क्रूर गृहमंत्री रॉजे लाफोंतां उजळ माथ्यानें देशांत परतले. त्यांच्या अटकेचा हुकूम निघाला, पण तो बजावण्यास कोणी पुढें येईना. बाई दुबळ्या आहेत, असा बोभाटा झाला. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पण ज्याच्या हुकुमास बंदुकीचा आधार नाहीं, त्यानें कोणत्या बळावर हुकूम बजावावा?

तरीही एक काम त्यांनीं तडीस नेलें. घटनेंत नव्वद दिवसांची मुदत होती. प्रत्यक्षांत नऊ महिने लागले. त्यांनीं संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवडणुकीसाठीं निरीक्षक मागितले, आणि ऑक्टोबरमध्यें संघाच्या महासभेनें ही विनंती मान्य केली. १६ डिसेंबर १९९० रोजीं लोकांनीं निर्भयपणें मतें दिलीं. गोरगरिबांचे कैवारी, धर्मगुरु झां-बेर्त्रां आरिस्तीद यांना शेकडा सुमारे ६७ मतें पडलीं.

खरी कसोटी पुढेंच होती. ६ जानेवारीच्या रात्रीं लाफोंतां यांनीं सशस्त्र साथीदारांसह अध्यक्षांना पकडलें, राजवाडा ताब्यांत घेतला आणि त्यांच्या तोंडून राजीनाम्याची घोषणा वदविली. पण ज्या लोकांना १९८७ मध्यें गोळ्यांनीं घरीं पिटाळलें होतें, तेच आतां हजारोंनीं रस्त्यावर उतरले. अखेर सैन्यानें राजवाड्यावर हल्ला करून बंडवाल्यांना पकडलें व अध्यक्षा मुक्त झाल्या. मात्र सूडाच्या आगींत अनेकांचे प्राण गेले, आणि राजधानींतील जुनें कॅथेड्रलही भस्मसात झालें.

७ फेब्रुवारी १९९१ रोजीं, हुकूमशहाच्या पलायनास बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, त्यांनीं आरिस्तीद यांच्याकडे सत्ता सोंपविली. याचें फळ काय मिळालें? एप्रिलमध्यें नव्या सरकारनें त्यांनाच त्या बंडांत सामील असल्याच्या संशयावरून अटक केली! लवकरच तुरुंगांतून सुटका झाली, तरी घरांत स्थानबद्ध राहण्याची पाळी आली. आणि दैवाचा खेळ पाहा: सप्टेंबर संपतां संपतां सैन्यानें आरिस्तीद यांनाही पदच्युत केलें.

तेव्हां त्यांचे अकरा महिने व्यर्थ गेले कां? मला तसें वाटत नाहीं. लोकशाही एका निवडणुकीनें रुजत नाहीं, हें खरेंच. पण निर्भय मतदान कसें असतें, हें त्या देशानें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें. आणि पाहिलेली गोष्ट अशक्य आहे असें पुन्हां कोणास म्हणतां येत नाहीं. ठेव परत करणाऱ्याचा जयजयकार होत नसतो. परंतु ती परत करणारीं माणसें नसतील, तर कोणत्याही राष्ट्राची तिजोरी सुरक्षित राहावयाची नाहीं.