पिकअपच्या क्लचमधील हवा घरच्या घरी कशी काढाल?

(वांगणी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेले भाषण)



पीक चांगले येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर बाजारात पोहोचणेही. आपल्या जव्हार-मोखाडा भागातला मोगरा दादरच्या फूलबाजारात कळी असतानाच पोहोचला पाहिजे. उमलला की भाव उतरतो. अशा वेळी पिकअपचे क्लच पेडल मऊ लागते, गिअर घासत पडतो आणि दोन-तीन वेळा पेडल मारल्यावरच क्लच सुटतो. ही बहुधा क्लचच्या नळीत हवा शिरल्याची खूण असते.

ज्या गाडीत क्लचला तार नसते, तिथे पेडलचा दाब मास्टर सिलिंडरमधून द्रवामार्फत गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत जातो. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे पेडलचा जोर हवेतच जिरतो. डिझेल इंजिनाची हवा आपण काढतोच. तत्त्व तेच आहे.

साहित्य : निपलच्या मापाचा पाना, पारदर्शक नळी, बाटली, नवे ब्रेक ऑइल आणि एक मदतनीस.

कृती :

१) गाडी सपाट जागी बंद करून न्यूट्रलमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा.

२) टाकीचे झाकण पुसून उघडा व खुणेपर्यंत ऑइल भरा.

३) स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला नळी लावा. दुसरे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवा.

४) मदतनिसाने पेडल काही वेळा मारून दाबून धरावे. मग निपल थोडे सैल करा. बुडबुडे बाहेर येतील.

५) निपल आवळल्यावरच पेडल सोडावे. आधी सोडल्यास हवा परत आत ओढली जाते.

६) बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. मधूनमधून टाकी भरत राहा. ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नावात ‘ऑइल’ असले तरी इंजिन ऑइल यात कधीही घालू नये. त्याने रबरी वॉशर फुगून खराब होतात. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच वापरावे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा किंवा बाटलीत निघालेले ऑइल पुन्हा वापरू नये. रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

आता मुख्य गोष्ट. हवा काढणे हे अर्धे काम झाले. बंद नळीत हवा आली कोठून, हे पाहिले पाहिजे. चार-आठ दिवसांत पेडल पुन्हा मऊ झाले, किंवा टाकीतील पातळी उतरू लागली, तर कोठेतरी गळती आहे. पेडलच्या मुळाशी, स्लेव्ह सिलिंडरच्या रबराखाली व नळीच्या जोडांवर ओल तपासा. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते; तेथे क्लचची गळती ब्रेकवरही येऊ शकते. अशी गाडी भरून तोरंगणचा घाट उतरू नये. त्या दिवशी माल शेजाऱ्याच्या गाडीत द्यावा आणि आपली गाडी मेकॅनिककडे न्यावी. एका खेपेचे भाडे परवडते, घाटातला अपघात परवडत नाही.