नावे हरवलेले आकडे

आजच्या विषयात ‘बस’ हा शब्द येणार आहे. पण या बसला चाके नाहीत. एखादे यंत्र घडविण्यापूर्वी त्याचे वर्तन संगणकावर आजमावून पाहतात. त्यासाठी सिम्युलिंकसारख्या साधनात जे प्रतिरूप रचतात, त्यातील रेषांवरून संकेत वाहतात. संकेत म्हणजे क्षणोक्षणी बदलणारे आकडे. मोटारीचे प्रतिरूप असेल तर वेग, इंजिनाचे तापमान, ब्रेक दाबला आहे की नाही, असे कितीतरी. प्रत्येकासाठी निराळी रेघ ओढली तर कोळ्याचे जाळे व्हावयाचे. म्हणून ते एकत्र बांधतात.

बांधण्याच्या रीती दोन. सदिशात, म्हणजे व्हेक्टरमध्ये, सारे आकडे एकाच जातीचे, रांगेत उभे, आणि त्यांची ओळख केवळ क्रमांकाने. बसमध्ये मात्र प्रत्येक घटकास स्वतःचे नाव असते, आणि भिन्न जातींचे घटकही तेथे एकत्र नांदतात.

बसचा सदिश करण्यास तयार ठोकळाच मिळतो. सारे घटक एका जातीचे हवेत, ही त्याची एक अट; ब्रेकचे ‘होय-नाही’ आधी संख्येत बदलून घ्यावे लागते. पण या रूपांतरात नावे मागे राहतात. उलट यावयाचे तर सदिश सुटा करावा, एकेका धाग्यास नाव द्यावे, मग बस बांधावी. आणि ते नाव यंत्र देत नाही, माणूस देतो!

समजा, मूळ बसमध्ये कोणी वेग व तापमान यांच्या जागांची अदलाबदल केली. नावाने घेणाऱ्यास काहीच बाधा नाही. क्रमांकाने घेणारा मात्र तापमानालाच वेग समजून गणित करीत राहील. संख्या तितक्याच, जात तीच. संगणकाने तक्रार करावी कशाची? नव्वद अंश तापलेले उभे इंजिन त्याच्या लेखी ताशी नव्वद किलोमीटर धावत असते.

मी पडलो सरकारी नोकर. मथळ्याचे पान गळालेले एक पत्रक एकदा माझ्यापुढे आले. मंजूर रकमेचा स्तंभ मी खर्चाचा समजलो, आणि एका तालुक्यास जाब विचारणारे पत्र सहीसाठी पाठवूनही दिले. ते वेळीच परत मागविता आले, हे माझे नशीब.

‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या नासाच्या यानाचे नशीब तसे नव्हते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी त्याचा संपर्क कायमचा तुटला. पृथ्वीवरील एक आज्ञावली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती. घेणारी ते न्यूटन-सेकंदांत समजत होती. तेथे बसचा प्रश्न नव्हता, एककाचा होता. पण आकडा पोहोचला आणि त्याची ओळख वाटेत राहिली, हे दुखणे तेच.

बसला सदिश मानले जात असेल तर तसा इशारा देण्याची, किंवा काम थांबविण्याची, सोय सिम्युलिंकमध्ये आहे. कटकट नको म्हणून ती बंद करण्याचा मोह होतो, तो टाळावा. रूपांतराचा ठोकळा आकृतीत उघड दिसू द्यावा, आणि त्याच्या शेजारीच क्रम लिहून ठेवावा: १ वेग, २ तापमान, ३ ब्रेक.