संशोधन ज्यांचे, त्यांच्यापर्यंत

(पालघर येथे विविध विद्याशाखांच्या प्राध्यापकांनी आपल्या चालू संशोधन प्रकल्पांचा परिचय करून दिला. त्या कार्यक्रमाच्या समारोपात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश.)



रसायनशास्त्राच्या अध्यापकाने आपला प्रकल्प इतिहासाच्या अध्यापकासमोर मांडावा, असे योग विद्यापीठीय जीवनात क्वचितच येतात. एरवी प्रत्येक जण आपल्याच विषयाच्या परिषदेत, आपल्याच परिभाषेत बोलत असतो. ही कोंडी फोडण्याचा एक चांगला प्रयत्न महाराष्ट्रात २००६ पासून ‘आविष्कार’ या आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धेने केला. मानव्यविद्या, वाणिज्य, मूलभूत विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक अशा सहा गटांत विद्यार्थी आणि अध्यापक भित्तिपत्रके लावतात, परीक्षकांच्या प्रश्नांना सामोरे जातात. हा उपक्रम स्तुत्य आहे. पण परीक्षकांचे समाधान झाले म्हणजे संशोधनाचा परिचय पूर्ण झाला काय? ज्याच्या विहिरीचे पाणी आपण बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले, त्याला निष्कर्ष कोण सांगणार?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न तात्त्विक नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा प्रदूषणात तारापूर सर्वांत वर होते. निर्देशांक होता ९३.६९. हा आकडा अभ्यासकांना ठाऊक असतो. खाडीवर पोट असणाऱ्या मच्छीमाराला त्याचा अर्थ समजावून देणारा मात्र विरळा. माहितीची ही पोकळी रिकामी राहत नाही. तिथे अफवा तरी शिरते, नाहीतर निराशा.

वारली चित्रांचेच पाहा. लग्नाचा चौक सवासिनी लिहितात, धवलेरी त्या विधीची गाणी गाते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिच्यावर आज प्रबंध लिहिले जातात. प्रबंधातील अर्थ एकदा त्या धवलेरीला वाचून दाखवा. ती जे दुरुस्त करील, ते कोणत्याही मार्गदर्शकाला जमणार नाही.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. याच मातीत त्याचे दाखले आहेत. येथल्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, ते सोनोपंत तथा मामासाहेब दांडेकर माहीमचे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवीत, प्राचार्यही होते. आणि तेच मामा वारकऱ्यांपुढे कीर्तनाला उभे राहत. विद्वत्ता एकच, श्रोते दोन. श्रोता बदलला म्हणून त्यांनी विचार पातळ केला नाही. फक्त दृष्टान्त बदलला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे ध्यानात येताच त्यांची शाळाच कुरणावर गेली. शिक्षणशास्त्रातील तो प्रयोगच होता, आणि ज्यांच्यासाठी तो होता, ते त्यात प्रथमपासून सहभागी होते.

म्हणून माझी विनंती छोटी आहे. आपल्या प्रकल्पाचा परिचय मराठीत, पाच मिनिटांत देता येईल असा तयार ठेवा. त्यात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत : मी काय शोधतो आहे, ते कोणाच्या उपयोगाचे आहे, आणि मला अजून काय कळलेले नाही? तिसरे उत्तर टाळू नका. अपुऱ्या निष्कर्षाला ठाम म्हणून सांगणे हीदेखील लोकांची फसवणूकच आहे. मग वर्षातून एकदा सभागृह सोडून डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाडीत, सातपाटीच्या बंदरावर, जव्हारच्या पाड्यावर तो परिचय द्या, आणि समोरच्याचे प्रश्न लिहून घ्या. पुढच्या संशोधनाचा विषय बहुधा त्याच कागदावर सापडेल.