स्कूटर घ्यावी कीं मोपेड ?



सकाळच्या प्रहरीं माहीमहून पालघर स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभें राहिलें, तर दोन प्रकारच्या गाड्या जातांना दिसतात. एकीवर नोकरीस निघालेला गृहस्थ पायांशीं पिशवी ठेवून बसलेला असतो. दुसरीवर केळीचे घड किंवा विड्याच्या पानांचे करंडे इतके रचलेले असतात कीं, चालविणारा त्यांत जेमतेम दिसतो. पहिली स्कूटर, दुसरी मोपेड. आपण दोघींनाही 'गाडी' म्हणतों आणि विकत घेतांना केवळ किमतीकडे पाहतों. परंतु या दोघींचें कूळ वेगळें आणि कामही वेगळें. तो भेद आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

इटलींत 1946 सालीं पियाज्जिओ कारखान्यानें 'व्हेस्पा' नांवाची स्कूटर बाजारांत आणली. तिचा आराखडा करणारे कोर्रादिनो द'आस्कानियो हे मूळचे विमानांचे अभियंते. कपड्यांस तेलाचे डाग पडूं नयेत म्हणून त्यांनीं इंजिन पत्र्याच्या आवरणांत झांकलें, पुढें ढालीसारखा पत्रा उभा केला, आणि मधली दांडी काढून पाय ठेवण्यास सपाट जागा दिली. साडी नेसलेल्या स्त्रीसही अशी गाडी सोयीची झाली. पुण्याजवळील आकुर्डीच्या बजाज कारखान्यानें आरंभीं परवान्यानें व्हेस्पा बनविली, व 1972 सालीं 'चेतक' काढली.

मोपेड ही मात्र सायकलीची कन्या. मोटर आणि पेडल या दोन शब्दांच्या संयोगानेंच तिचें नांव झालें. त्याच 1972 सालीं पुण्याच्या किनेटिक कंपनीनें 50 सीसीची 'लूना' आणली. तिला गियर नव्हते. वेग वाढला म्हणजे क्लच आपण होऊन पकड घेई. आमच्या वडिलांपाशीं अशी एक लूना होती. एकदां ऐन श्रावणांत तिच्या प्लगांत पाणी गेलें. वडील पायडल मारीत, मागें रिकामा करंडा घेऊन, भिजत घरीं पोंचले. पण गाडी रस्त्यांत सोडावी लागली नाहीं. चेतकाची तशी गत झाली असती, तर ती ढकलीतच आणावी लागली असती.

आतां काळ पालटला आहे. 1984 सालीं किनेटिक होंडा आली, आणि स्कूटरही बिनगियरची झाली. उलट, आजच्या मोपेडीस पायडल राहिलेलें नाहीं, आणि तिचें इंजिनही 100 सीसीच्या जवळ गेलें आहे. मग भेद उरला कोठें ? तो उरला चाकांत, वजनांत आणि ओझें वाहण्याच्या रीतींत.

स्कूटरचें चाक बहुधा 10 किंवा 12 इंचांचें, मोपेडचें 16 इंचांचें. लहान चाक खड्ड्यांत पुरतें उतरतें. मोठें चाक त्याच खड्ड्याच्या कांठांवरून निघून जातें. वाडीच्या कच्च्या वाटेवर किंवा केळव्याच्या किनाऱ्यालगतच्या रेतींत हा फरक हातांस लगेच कळतो. मोपेड वजनानें हलकी, आणि तिची मागची बैठक काढून तेथें ओझें बांधतां येतें. स्कूटरचें इंजिन मागच्या चाकाशीं असल्यामुळें तिचा भार आधींच मागें असतो. त्यांत मागें ओझें रचलें तर पुढचें चाक हलकें होऊन हँडल हातांत राहत नाहीं. मात्र डांबरी सडकेवर दोघांनीं दूरचा पल्ला गांठावयाचा असेल, तर बळ आणि आराम स्कूटरकडेच. आपल्या खाऱ्या वाऱ्यांत तिचा पत्रा लौकर गंजतो, म्हणून गोड्या पाण्यानें ती वरचेवर धुवावी.

शेवटीं एक गोष्ट कळकळीनें सांगावयाची आहे. "मोपेडला कसलें आलें लायसन्स ?" असें आपल्याकडे अजून म्हणतात. आमच्या आळींतील एका पंधरा वर्षांच्या मुलास घरच्यांनीं याच समजुतीनें करंडे देऊन स्टेशनावर धाडलें. वळणावर रेतीवरून चाक घसरलें आणि मुलाचा पाय मोडला. तें वर्ष त्याचें शाळेवांचून गेलें. गाडी लहान म्हणून जबाबदारी लहान होत नाहीं. 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वयें 16 व्या वर्षीं चालविण्याची मुभा केवळ 50 सीसीपर्यंतच्या गाडीस आहे. आजची मोपेड त्याहून मोठी असल्यानें तिला 18 वर्षें पुरीं लागतात. 2019 च्या दुरुस्तीनें तर अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकही दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड सांगितला आहे.

चेतक 2020 सालीं आणि लूना 2024 सालीं विजेवर चालणारें रूप घेऊन परत आल्या आहेत. इंजिन जाईल, बॅटरी येईल; परंतु घेणाऱ्यानें स्वतःस विचारावयाचे प्रश्न तेच राहतील. माझी वाट कोणती, माझें ओझें किती, आणि गाडी चालविणार कोण ? या तिहींचीं उत्तरें घरांत बसून ठरवावीं, आणि मगच दुकानाची पायरी चढावी, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.